हिरव्या गोंड्याची फिर्याद

सकाळी पावणेआठला अंकुश खळदकर यांनी चौकीतल्या टेबलावर एक ओलं गोणपाट ठेवलं. ते उलगडलं तेव्हा आत गोल्डन रॉडचं एक रोप निघालं, मुळांना माती तशीच चिकटलेली. हे रोप आपण नुकतंच मेहुण्याच्या शेतातून उपटून आणलं आहे आणि ते आपलं आहे, अशी त्यांची फिर्याद होती.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. सकाळी चौकीवर एक फेरी मारायची, काही घडलं असेल तर टिपून घ्यायचं, दुपारच्या आत मजकूर पाठवायचा, असा रोजचा शिरस्ता होता. नोव्हेंबर संपत आला होता. हवालदार भिंताडे यांनी आधी रोपाकडे पाहिलं, मग टेबलावर सांडलेल्या मातीकडे.

"म्हणजे दुसऱ्याच्या रानातनं माल उपटला तुम्ही, आणि चोर तो?"

"माल माझाच हाय."

"मग तो त्याच्या रानात काय करत होता?"

"तेच लिहून घ्या म्हणतोय मी."

भिंताड्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. पण खळदकर विनोद ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पन्नाशीचा, काटक, धुतल्या कपड्यांतला माणूस. त्यांनी रोपाचा शेंडा बोटांवर धरून दाखवला. गोल्डन रॉड म्हणजे पिवळ्या बारीक फुलांच्या लांब काड्या. पुष्पगुच्छात भरीला वापरतात, आणि त्या भागात बऱ्याच जणांनी त्या लावलेल्या होत्या. या रोपाला मात्र पिवळा तुरा नव्हता. शेंड्यावर पानं एकमेकांत घट्ट बसून त्यांचा गोंडा झाला होता, हिरव्या गुलाबासारखा.

दोन वर्षांपूर्वी खळदकरांच्या एका वाफ्यात असे गोंडे पहिल्यांदा आले. त्यांना वाटलं, नवी जात निघाली. पुण्याच्या फुलबाजारात गुच्छवाल्यांच्या त्यावर उड्या पडल्या. खळदकरांनी त्याला 'हिरवा गोंडा' नाव दिलं, शेताला काटेरी तार घातली, फाटकाला कुलूप लावलं. मुनवा, म्हणजे बुडाशी फुटलेलं पिल्लू रोप, कुणाला द्यायचा नाही, तोडलेली काडीसुद्धा टेम्पोशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही, असा घरात दंडक घातला. आदल्या संध्याकाळी टेम्पोवाल्यानं सहज सांगितलं, की वाघळवाडीत तुमच्या मेहुण्याच्या रानातही आता गोंडे दिसतात. खळदकर रात्रभर झोपले नाहीत, आणि उजाडताच डोंगराची सोंड ओलांडून तिकडे गेले.

मेहुण्याचं नाव सर्जेराव झेंडे. खळदकरांच्या पत्नी शालनबाई यांचा हा धाकटा, एकुलता भाऊ. त्याला साधं गोल्डन रॉड लावायला मुनवे खळदकरांनीच दिले होते, लग्नानंतरच्या बऱ्या दिवसांत.

"माझ्या घरातनं कुणी दिलं असंल," खळदकर म्हणाले, "तर त्याला माझ्या घरात जागा न्हाई. मग ते कुणी का असंना."

हे ते अगदी हळू म्हणाले. माहेर आजपासून बंद, असं बायकोला सांगून आल्याचंही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. भिंताडे गंभीर झाले. त्यांची अडचण अशी, की रोप चोरलं हे लिहायचं तर दोन्ही रोपं एकाच जातीची आहेत हे कुणीतरी जाणत्यानं सांगायला हवं. तुमच्या ओळखीत असेल कुणी पुण्यात, तर विचारा, असं त्यांनी मला सुचवलं. मला त्यात एका चांगल्या बातमीचा वास आला.

मी आधी वाघळवाडीला गेलो. सर्जेरावांचं घर शेतातच होतं, दार थेट वाफ्यांवर उघडणारं. माणूस घरीच होता. त्यांनी मला शेत पाहू दिलं. गोंडे सगळ्या शेतात नव्हते. घराजवळच्या ओळींत होते, आणि जसजसं लांब जावं तसतसे विरळ होत जाऊन पुढे निव्वळ पिवळे तुरे. चोरीचा माल माणूस असाच नजरेसमोर लावील, असं माझ्या मनात आलं.

तुम्ही आणले का, विचारलं तर ते नाही म्हणाले. मग आले कुठून, तर रानात येतं तसं आलं. इथपर्यंत ठीक होतं.

"शालनबाईंनी दिले?"

सर्जेराव थांबले. त्यांनी मान वळवून घराच्या दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. चौकटीवर दसऱ्याचं तोरण अजून तसंच होतं. झेंडू काळा पडलेला, आंब्याची पानं वळून गेलेली, मधूनमधून वाळक्या तपकिरी गुंड्या. सर्जेराव माझ्या आणि दाराच्या मधे येऊन उभे राहिले.

"लिहा काय लिहायचं ते," ते म्हणाले. "चोर लिहायचं तर चोर लिहा. आक्काचं नाव नको."

ज्यानं काही केलेलं नसतं तो जास्त बोलतो, असा माझा तोवरचा अनुभव होता. हा माणूस कमी बोलत होता आणि नजर चुकवत होता. मागितल्याबरोबर त्यांनी चार गोंडे तोडून दिले, तेही मला संशयास्पदच वाटलं. परत येताना माझ्या मनात निकाल लागलेला होता.

खळदकरांकडे उलट. गोंडे तपासायला पुण्याला न्यायचेत म्हटल्यावर त्यांनी मला फाटकाबाहेरच उभं केलं. "तुम्ही सर्जाकडनं आला न्हाई कशावरनं?" त्यांना वाटलं, गोंडा माझ्या हातून आणखी कुठं तरी पोचेल. शेवटी तोड निघाली ती अशी, की ते स्वतः बरोबर येणार. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं पुण्याला गेलो. त्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर, माझी माझ्या. कंडक्टरनं पिशव्या वर टाका म्हटलं तर त्यांनी मान हलवली आणि पिशवीच्या तोंडाची गाठ पुन्हा आवळली.

डॉ. सुनंदा टिपणीस एका संस्थेत कीटकविभागात होत्या. मोहरीच्या दाण्याहून लहान किड्यांवर त्यांनी उभी हयात काढली होती. एका जुन्या बातमीच्या निमित्तानं माझी त्यांची ओळख झाली होती. त्या बातमीतलं एक विशेषण चुकलं म्हणून त्यांनी मला फोन करून झापलं होतं. कोणता गोंडा कुणाचा ते आधी सांगू नका, असं खळदकरांनी मला बजावलं. बाईंना त्यात काही गैर वाटलं नाही. "मलाही तेच सोयीचं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी एक गोंडा ब्लेडनं उभा चिरला. बाहेरची पानं मोठी, आत जावं तशी बारीक, आणि मधोमध एक पोकळी, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यात नारिंगी रंगाची एक अळी होती. ती वळवळली.

"ह्यो सर्जाचा असणार," खळदकर म्हणाले.

"हा तुमच्या पिशवीतला," मी म्हटलं.

बाईंनी दुसऱ्या पिशवीतला चिरला. आत तशीच पोकळी, तशीच अळी. मग त्यांनी खळदकरांना भिंगातून पाहायला लावलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. ही जात नव्हे. एक इवलीशी माशी कोवळ्या शेंड्यावर अंडी घालते. अळी आत बसली की शेंडा वाढायचा थांबतो, काडी लांबत नाही, पानं मात्र येतच राहतात आणि एकावर एक बसतात. तो हा गोंडा.

"रोग म्हणा ना सरळ," खळदकर म्हणाले.

"गाठ म्हणतो आम्ही. त्या माशीची बाळंतिणीची खोली आहे ती."

खळदकर भिंगापासून दूर झाले. दोन वर्षं ज्या मालाला तार घातली, कुलूप लावलं, तो असा टेबलावर दोन फाकांत पडला होता. मला वाटलं, आता हा माणूस खचेल. पण त्यांचा चेहरा हळूहळू घट्ट झाला.

"म्हणजे ही माशी सर्जानं सोडली माझ्या रानात."

"तुमच्याकडे दोन वर्षं आहे म्हणालात. त्यांच्याकडे आत्ता दिसते," बाई म्हणाल्या.

ती तुमच्याकडे कुठून आली, असं बाईंनी विचारलं, कारण त्यांनी अशी गाठ आपल्याकडे कधी पाहिली नव्हती. खळदकर म्हणाले, आपसूक आली. बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. बाहेरच्या देशातून चोरूनमारून आणलेल्या मुनव्यांबरोबर ती आली असणार, असा त्यांचा संशय होता आणि तो त्यांनी लपवला नाही. खळदकरांनी त्यांचा संशय ऐकून घेतला आणि चप्पल घातली.

उरलेले गोंडे बाईंनी दोन बरण्यांत ठेवून तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, की पहिला किडा बाहेर आला, हिरवट आणि चकचकीत. मी उत्साहानं म्हटलं, म्हणजे चोर सापडला. त्या म्हणाल्या, हा त्यातला नव्हे. हा आतल्या अळीवर जगणारा पाहुणा. गोंड्यातून आधी बाहेर आला एवढ्यावरून गोंडा त्यानं केला असं ठरत नाही, जरा दम धरा. मी मजकूर लिहायला घेतला होता तो थांबवला.

खऱ्या माश्या नंतर निघाल्या. मी जाऊन पाहिल्या. डासासारख्या, पण डासापुढेही पोरसवदा वाटाव्यात अशा, पाय केसासारखे, पोट विटकरी. बाईंनी एकेक काचपट्टीवर बसवली. पंखांतल्या रेषा, मिशांचे मणी, सगळं पाहून झालं तरी त्या पूर्ण नाव सांगेनात. निघालेल्या सगळ्या माद्या होत्या. नर सापडला, त्याच्या शेपटाकडची पकड पाहिली, परदेशातल्या नमुन्यांशी ताडून पाहिली, तरच नाव. घराणं कुठलं ते सांगते, त्याच्यापुढचं नाही.

"अंदाजे सांगा ना."

"अंदाजे नाव नसतं," त्या म्हणाल्या.

नर शोधायला त्या स्वतः खळदकरांच्या शेतावर आल्या. तोपर्यंत अळीची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळे फाटक उघडं होतं. सकाळभर त्या वाफ्यांमधून ओणव्या फिरल्या, किडे ओढून घ्यायची काचेची नळी तोंडात धरून. नर सापडला नाही. दुपारी आम्ही पडवीत बसलो. भिंताडेही आले होते. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं आणि त्यांनी वाट शोधून काढली होती.

"म्याडम, मी असं लिहितो. माशी ह्या रानातनं उडाली, त्या रानात गेली. चोरी न्हाई, काही न्हाई. दाजी-मेहुणे मोकळे."

शालनबाई चहा घेऊन आल्या होत्या. मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. उंच, अबोल बाई, कपाळावर मोठं कुंकू. ट्रे हातात घेऊन त्या थांबल्या. त्या क्षणी तिथं बसलेल्या सगळ्यांना, मला वाटतं खळदकरांनासुद्धा, टिपणीस बाईंनी हो म्हणायला हवं होतं.

"असं नाही लिहिता येणार," टिपणीस बाई म्हणाल्या. "ही माशी बाहेर आल्यावर जेमतेम एक दिवस जगते. वारा आला तर पानाखाली बसते. मधला डोंगर ती ओलांडणार नाही."

"मग?"

"कुणीतरी गोंडे नेलेत."

भिंताड्यांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. खळदकरांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते समोरच्या तारेकडे, कुलपाकडे बघत राहिले.

"मीबी तेच म्हणत होतो," ते म्हणाले. "नेलं कुणी, ते सांगा."

ते आम्हाला माहीत असायचं कारण नाही, असं काहीतरी बाई म्हणाल्या. शालनबाईंनी एकेकापुढे कप ठेवला. नवऱ्यापुढे सगळ्यांत शेवटी ठेवला आणि रिकामा ट्रे घेऊन त्या आत गेल्या.

निघताना टिपणीस बाई हात धुवायला मागच्या दारी गेल्या. मी त्यांची पिशवी घेऊन उभा होतो. शालनबाई तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घालत होत्या.

"बाई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मुळी नसली तरी?"

"काय?"

"नुसता तोडलेला गोंडा. लावायचा नसलेला. त्यातनं काय व्हतंय?"

"मुळीचा काही संबंध नाही. गोंडा तोडला, वाळला, तरी आतली माशी वेळ झाली की बाहेर पडते. आसपास कोवळा शेंडा असला की झालं."

शालनबाई पाणी घालत राहिल्या. बाईंचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "पुरे," बाई म्हणाल्या, तरी तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी पडत राहिलं.

बाईंना एसटीत बसवून मी परस्पर वाघळवाडीला गेलो. वाटेत मला त्या वाळक्या तपकिरी गुंड्या आठवत होत्या. आमच्याकडे दसऱ्याचं तोरण कुणी उतरवत नाही. ते वाळतं, झडतं, दोऱ्यावर लोंबत राहतं, पुढच्या सणाला नवं बांधायची वेळ आली की मग जुनं निघतं.

सर्जेरावांची चौकट मोकळी होती. दोन खिळे आणि एका खिळ्याला दोऱ्याचा तुकडा.

"तोरण काढलंत?"

"वाळलं होतं."

"कधी काढलं?"

"तुम्ही गेल्यावर." मग त्यांनी मला पहिल्यांदाच बसा म्हटलं. आम्ही उंबऱ्यावर बसलो. समोर गोंड्यांच्या ओळी, दारापाशी दाट, पुढे विरळ. पहिल्या दिवशी मी नेमकं हेच पाहिलं होतं.

मी त्यांना माशीची सगळी हकिकत सांगितली. वाळल्या गोंड्यातूनही ती निघते हे सांगितलं. त्यांनी ते ऐकताना एकदा चौकटीकडे मान वर केली. माशीचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. तोरण त्यांनी उतरवलं होतं ते साध्या हिशेबानं: दाजी कधीही दारात येऊन उभे राहतील, वर पाहतील, आणि गोंडा तारेबाहेर कुणाच्या हातून गेला हे त्यांना विचारावं लागणार नाही.

"आक्का दर दसऱ्याला तोरण धाडती," ते म्हणाले. "आई गेल्यापासनं. आईच करायची आधी. ह्या वर्षी त्यात हिरवं घातलं होतं मधी मधी. चांगलं दिसत होतं."

"भिंताडे विचारायला येतील."

"येऊ द्या. चोर म्हणाले ना, तेवढं पुरे हाय. त्यात दुसरं नाव नको."

"पण चोरी झालीच नाही. हे सांगितलंत तर तुम्ही सुटता."

"मी सुटतो," सर्जेराव म्हणाले. "ती कुठं जाईल?"

उठताना त्यांनी माझं मनगट धरलं. "आणि मला कळलंय, हे तिला सांगू नका. तिला वाटू दे मी तोरण बघितलंबी न्हाई."

मी बातमी दिली ती फुलशेतीवरच्या नव्या किडीची. अर्धा कॉलम, बाईंचं नाव, शेंडे खुडून जाळण्याचा त्यांचा सल्ला. दोघांनीही गोंडे जाळले. खळदकरांनी आपल्या हातांनी, कुणालाही मदतीला न घेता. फिर्यादीचं काय करायचं हे भिंताड्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यांनी ती नोंदवलीही नाही आणि परतही केली नाही, आणि पुढे त्यांची बदली झाली. माशीचा नर कधी सापडला नाही. टिपणीस बाई निवृत्त होताना मी संस्थेत गेलो होतो, तेव्हा त्यांनी ती काचपट्टी दाखवली. चिठ्ठीवर पहिलं, घराण्याचं नाव त्यांच्या बारीक अक्षरात होतं, दुसऱ्या, जातीच्या नावाची जागा कोरी. ती खळदकरांच्या शेतात मुळात आली कुठून, हेही कळलं नाही.

शालनबाईंचं माहेर काही वर्षं बंद राहिलं. सर्जेरावांच्या मुलीच्या लग्नाला खळदकरांनी त्यांना जाऊ दिलं, तेव्हापासून जाणं-येणं सुरू झालं. पण खळदकर स्वतः पुढे जात नसत. फाट्यावर सोडायचे, फाट्यावरून न्यायचे. मेहुण्याशी बोलणं नाहीच.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका कामानं तिकडे गेलो होतो. नोकरी सोडून मला बराच काळ झाला आहे. वाघळवाडीच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत असताना खळदकर मोटरसायकल घेऊन आले. केस पांढरे, बाकी तसेच काटक. शालनबाई वाडीकडून चालत येऊन आधीच तिथं उभ्या होत्या, हातात भावाकडची पिशवी. आम्ही पीकपाण्याचं बोललो. पाऊस, बाजारभाव, कोण राहिलं, कोण गेलं. शालनबाई मागे बसल्या. खळदकरांनी किक मारायला पाय ठेवला आणि तो तसाच ठेवून मला विचारलं,

"पत्रकार, त्या वर्षी तुम्ही सर्जाच्या दारात गेला होता न्हवं? फिर्यादीच्या दिवशी?"

"गेलो होतो."

"दारावर तोरण होतं?"

"दसरा होऊन गेला होता. सगळ्यांच्याच दारावर होतं."

"कशाचं होतं?"

शालनबाई रस्त्याकडे पाहत होत्या. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"झेंडूचं," मी म्हटलं.

"झेंडूचं," खळदकर म्हणाले. त्यांनी मान हलवली, हो अशी की नाही अशी ते मला कळलं नाही. मग त्यांनी गाडी सुरू केली. घरचा रस्ता उजवीकडे होता. गाडी फाट्यावर थोडी रेंगाळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डावीकडे, सर्जेरावांच्या वाडीच्या रस्त्याला लागली.